सामाईक भिंतीवरचे हत्ती

माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या बैठकीत दोन हत्ती काढून घेतले तर त्यात जगाचं काय जातं, हा देवराव ढोबळ्यांचा प्रश्न होता. साधा प्रश्न. पण हुडकेश्वर रोडच्या त्या नव्या वस्तीत या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला एकही माणूस तयार नव्हता. सल्ला द्यायला मात्र सगळे तयार होते.

देवराव विजेच्या खात्यातून रिटायर झाले होते. जन्मभर त्यांनी घरोघरी जाऊन मीटर वाचले. मीटर भिंतीवर असतो. त्यामुळे देवरावांनी नागपुरातल्या जेवढ्या भिंती पाहिल्या तेवढ्या एखाद्या गवंड्यानेही पाहिल्या नसतील. महालातल्या ओल आलेल्या, इतवारीतल्या पोत्यांमागे दडलेल्या, धंतोलीतल्या डॉक्टरांच्या गुळगुळीत. कोणत्या भिंतीवर काय शोभतं हे सांगायचा अधिकार या शहरात कोणाला असेल तर तो आपल्यालाच, असं त्यांचं मत होतं. हे मत कोणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी.

हत्तींची हौस मात्र त्यांची नव्हती. ती त्यांच्या बायकोची, रंभाबाईंची. रंभाबाई सावनेरच्या. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती काढून घेतले होते, सोंडेत हार धरलेले, आपल्याकडे लग्नघरी काढतात तसे. रंगवता रंगवता चितारी जेवायला उठला तो परत कामाला बसलाच नाही, आणि डाव्या हत्तीचा डोळा राहून गेला. "माह्या लग्नात एक हत्ती आंधळा होता," हे रंभाबाई येईल त्याला सांगायच्या, आणि मग देवरावांकडे बघून म्हणायच्या, "आन् तो नवऱ्याकडचा होता."

पुढे मुलीचं, प्रेमलताचं, लग्न झालं तेव्हा बिऱ्हाड भाड्याचं होतं. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नसे, हत्ती कुठून काढू देणार? "आपलं घर झालं की पहिले हत्ती," रंभाबाई म्हणाल्या. घर झालं. पण सगळं सामान लागायच्या आधीच रंभाबाई धंतोलीच्या दवाखान्यात गेल्या, आणि परत आल्या नाहीत.

आता दिवाळीनंतर वर्षश्राद्ध होतं. नातेवाईक यायच्या आत भिंतीवर हत्ती पाहिजेत, एवढंच देवरावांनी ठरवलं होतं. बैठकीतल्याच भिंतीवर, म्हणजे ऊनपावसाने जायला नकोत. यापेक्षा जास्त काही त्यांच्या मनात नव्हतं. असलं तरी ते त्यांना कोणाला सांगता आलं नसतं.

घरं सोसायटीची होती, जोडघरं. दोन घरांमध्ये एकच भिंत. देवरावांच्या बैठकीची भिंत म्हणजेच शेजारच्या गणपतरावांच्या बैठकीची भिंत, फक्त पलीकडून. गणपतराव रेल्वेतून रिटायर झाले होते आणि त्यांनी नुकताच टीव्ही घेतला होता. त्यामुळे जगातल्या कोणत्याही विषयाचं बोलणं ते टीव्हीवर आणून सोडत.

"हत्ती? काहून जी?" ते म्हणाले. "टीव्ही घ्या ना. आता नागपुरात दिसून राहिला. भिंत मोकळी ठेवा."

"टीव्ही टेबलावर असतो," देवराव म्हणाले.

"पण पाहनाऱ्याचं ध्यान भिंतीकडं जाते ना!"

समोरच्या घरातल्या इंदुताईंना हत्ती पसंत नव्हते. "सीनरी काढा भाऊजी," त्या म्हणाल्या. "डोंगर, तळं, एखादं हरिण. माह्या भाच्याच्या घरी आहे. बसल्या बसल्या थंड वाटते."

"नागपुरात? मे महिन्यात?"

"हरिण पाहून वाटते थोडंसं," इंदुताई म्हणाल्या.

देवरावांनी कोणाचंच ऐकलं नाही. चितारओळीत जाऊन त्यांनी नत्थूजी चिताऱ्याला गाठलं. गणपतीच्या आणि देवीच्या मूर्ती संपल्या होत्या, लग्नसराई सुरू व्हायची होती, आणि नत्थूजी ओट्यावर बसून पान खात होता. "हत्ती ना?" तो म्हणाला. "अर्ध्या नागपूरच्या वराती माह्या हत्तीसमोरून गेल्या जी. फकत भिंत दाखवा."

भिंत दाखवल्यावर देवरावांनी त्याला नीट समजावून सांगितलं. दोन हत्ती. सोंडेत हार. दुसरं काही नको. आणि डाव्या हत्तीचा डोळा काढायचा नाही.

नत्थूजीने हातातला कुंचला खाली ठेवला. "काहून?"

"तसाच पाहिजे."

"देवरावजी, माह्या बापानं आंधळा हत्ती नाही काढला, आज्यानं नाही काढला. उद्या लोक म्हणतील, नत्थूले आता दिसत नाही. हे हत्ती आहेत तरी कोणासाठी?"

"बाईसाठी," देवराव म्हणाले.

"मंग तं दोन्ही डोळे पाहिजेत."

आता इथे खरं म्हणजे देवरावांनी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. पण ते वाक्य त्यांच्याने बोलवत नसे. वर्ष होत आलं तरी बोलवत नसे. ते आत जाऊन चहा ठेवायला लागले.

नत्थूजी कामाला लागला. भिंतीला डिस्टेंपर होता, आणि डिस्टेंपरवर त्याचा रंग धरत नाही, म्हणून भिंत खरवडायला हवी होती. खरवडून निघत नाही तिथे तो हातोडीने ठोकायचा. असा तो मनापासून ठोकत असताना भिंतीच्या पलीकडून धप्प असा आवाज आला. मग गणपतरावांचा आवाज आला. मग खुद्द गणपतराव आले. अपघातातून पोर उचलून आणावं तसं त्यांनी दोन्ही हातांत भिंतीवरचं घड्याळ धरलं होतं.

"रेल्वेच्या लोकांनी रिटायर होताना दिलेलं आहे हे," ते म्हणाले. "एक मिनिट मागं नाही पडलं कधी!"

"गाड्या पडत होत्या त्याचं काय?" देवराव म्हणाले. हे बोलायला नको होतं, पण घरात धूळ झाली होती आणि सकाळपासून जेवण नव्हतं.

"हत्ती तुमच्याकडं, आन् वजन माह्या भिंतीवर!"

"हत्ती रंगाचा आहे, गणपतराव!"

"घड्याळ रंगाचं नव्हतं!" असं म्हणून गणपतराव घड्याळ घेऊन तडक सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव यांच्याकडे गेले. बंद पडलेलं घड्याळ हातात धरून एवढ्या वेळेवर कुठे पोचलेला माणूस देवरावांनी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवरावांना सोसायटीचं बोलावणं आलं. सोसायटीचं ऑफिस म्हणजे सीताबर्डीवरची एक खोली. मधुकरराव येतील तेव्हा ती उघडायची. देवराव सकाळच्या बसने गेले, दुपारपर्यंत जिन्यात बसले, आणि मधुकरराव आले तेव्हा आधी त्यांचं पान झालं, मग चहा झाला, मग मधुकररावांनी सोसायटीच्या नियमांचं पुस्तक काढलं. मधुकरराव पूर्वी हिशेबनीस होते. बोलताना शब्द तोलून मापून टाकायचे, आणि माप नेहमी समोरच्याचं कमी भरायचं.

"आपण सामाईक भिंतीत फेरफार करत आहात."

"चित्र काढून राहिलो."

"चित्र हा फेरफार आहे की नाही, हे ठरवावं लागेल." त्यांनी पानं उलटली. "खिडकी मोठी करणे, आहे. छप्पर वाढवणे, आहे. जनावरं पाळण्यास मनाई आहे."

"चित्रातली आहेत, साहेब."

"चित्रातल्या जनावरांचा उल्लेख नाही," मधुकरराव खेदाने म्हणाले. जणू हत्ती चित्रातले असण्यात देवरावांचाच काही डाव असावा. "मला जागेवर येऊन पाहावं लागेल."

देवरावांचा पारा चढला. हजारो लोकांच्या घरांत ते जागेवर जाऊन पाहून आले होते. पण कोणाच्या भिंतीवर काय टांगलंय हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीटर वाचला, सही केली, निघाले. सभ्यता म्हणून काही असते. हे सगळं त्यांनी बसमध्ये, शेजारी बसलेल्या एका संत्रेवाल्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि दोन संत्री दिली.

दिवेलागणीला घरी पोचले तर दार उघडं, खिडकी उघडी, आणि बैठकीत नत्थूजी हात पुसत उभा. त्याने दिवसभरात भिंत पुरी केली होती. नुसती पुरी नाही, भरून टाकली होती. दोन हत्ती होते, सोंडेत हार होते. पण मध्ये गणपतीही होता. हत्तींच्या मागे केळीचे खांब होते. दोन्ही टोकांना भालदार उभे होते, मिशा पिळलेले. दोन्ही हत्तींना दोन्ही डोळे होते, डाव्या हत्तीच्या डोळ्याला तर पापण्यासुद्धा होत्या. आणि सगळ्यांच्या खाली, खिडकीतून रस्त्यावर वाचता येईल एवढ्या तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं: शुभविवाह. त्याखाली दोन नावांची जागा मोकळी होती.

"नावं सांगा," नत्थूजी म्हणाला.

"कोणाची?"

"नवरानवरीची."

"इथं लग्न नाही आहे!" देवराव ओरडले.

"लग्न नाही तं हत्ती काहून?"

"मी फकत दोन हत्ती सांगितले होते!"

"नुसते हत्ती सर्कशीवाले काढतात जी," नत्थूजी दुखावून म्हणाला. "हत्ती काढले की गणपती येते. गणपती आला की केळ येते. मंग शुभविवाह लिहिल्याशिवाय हात थांबत नाही. समोरच्या बाई येऊन पाहून गेल्या. त्याईनं विचारलं, कोणाचं लग्न आहे? मी म्हटलं, मले नाही माहीत बाई, पण या घरात माणूस तं एकच राहते."

देवराव खाली बसले.

पुढचे काही दिवस कसे गेले ते देवराव शेवटपर्यंत नीट सांगू शकत नसत, मध्येच त्यांचा संताप उसळायचा. पहिला आला बँडवाला. सायकल फाटकाला टेकवून त्याने विचारलं, वरात कुठून निघणार, आणि घोडा पाहिजे की मोटार. देवरावांनी त्याला हाकललं. तो जाताना म्हणाला, "घोड्याचं वय नाही राहिलं, बरोबर आहे."

मग इतवारीतले भांड्यांचे व्यापारी वामनराव आले. हा गृहस्थ देवरावांनी मीटरच्या दिवसांत एकदोनदा पाहिला असेल. त्यांची एक विधवा बहीण होती. "तुमचं ठरलं असं ऐकलं," ते म्हणाले. "चांगलं झालं. पण समजा, काही कारणानं मोडलं, तं आमचं ध्यानात ठेवा." आणि स्टीलचा एक डबा ठेवून गेले.

पण बँडवाला परवडला, वामनराव परवडले. इंदुताई आल्या तेव्हा देवरावांना खरंच घाम फुटला. इंदुताईंचे डोळे भरून आले होते.

"भाऊजी, संकोच करू नका," त्या म्हणाल्या. "उतारवयात सोबत पाहिजेच. रंभाबाई होत्या तं सोन्यासारख्या होत्या, पण माणसानं किती दिवस एकट्यानं भाकरी थापायची? रविवारी तुमचं केळवण आमच्याकडं."

"केळवण?" देवराव म्हणाले. "माहं? माहं केळवण?"

"पुरण करते," इंदुताई म्हणाल्या.

देवरावांनी खिडकी लावून घेतली. वस्तीने ठरवलं, लाजून राहिले. मग त्यांनी भिंतीवर चादर टांगली. वस्तीने ठरवलं, नवरीचं नाव लपवून राहिले, म्हणजे नक्कीच कोणीतरी ओळखीची असणार, आणि अंदाज बांधायला सुरुवात झाली. मग त्यांनी नत्थूजीला सांगितलं की निदान ती तांबडी अक्षरं तरी पुसून टाक. नत्थूजीने कानांना हात लावले. "शुभविवाहावर चुना? माह्या हातून नाही होणार." उलट तोच रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन उभा राहायला लागला. नावं लिहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, आणि अर्धं चित्र सोडलं की चिताऱ्याला ते लागतं, असं त्याचं म्हणणं. "सांगा ना नावं," तो खिडकीतून म्हणायचा. "नातेवाइकांपासून लपवा, माह्यापासून काहून लपवता?"

आणि मग श्राद्धाच्या चार दिवस आधी अमरावतीहून प्रेमलता आली. इंदुताईंची नणंद अमरावतीला राहायची, तेव्हा बातमी एस.टी.च्याही आधी पोचली होती. प्रेमलताने पिशवी दारातच टाकली, सरळ बैठकीत आली आणि चादर ओढली. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं. वाचण्यासारखा शब्द एकच होता.

"बाबा," ती म्हणाली, "वर्ष तं होऊ द्यायचं होतं."

इतके दिवस देवराव बँडवाल्यावर ओरडले होते, गणपतरावांवर ओरडले होते, भिंतीवरसुद्धा ओरडले होते. आता ओरडायची खरी वेळ आली आणि त्यांचा आवाजच निघेना. त्यांनी फक्त बोट दाखवलं.

"त्या डाव्या हत्तीकडं पाह्य."

"हत्तीचं काय?"

"त्याले डोळा काढू नको म्हटलं होतं मी. ऐकलं नाही त्या शहाण्यानं."

प्रेमलता हत्तीकडे बघत राहिली. आंधळ्या हत्तीची गोष्ट तिने कळायला लागल्यापासून ऐकली होती. पाहुणे आले की ऐकली होती, पाहुणे नसले तरी ऐकली होती. ती पलंगावर बसली. थोड्या वेळाने पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "पापण्या पण काढल्या मेल्यानं." मग ती हसली का रडली, हे देवरावांना कळलं नाही, कारण त्यांनी खिडकीकडे तोंड केलं होतं. खिडकीबाहेर इंदुताई उभ्या होत्या.

त्याच संध्याकाळी मधुकरराव जागेवर पाहायला आले. बरोबर गणपतराव होते, बरोबर घड्याळ होतं. मधुकररावांनी चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, भिंतीवर बोट फिरवून पाहिलं. मग पुस्तक उघडलं.

"सामाईक भिंतीवर कायमचं चित्र ठेवता येणार नाही. श्राद्धाच्या आत चुना मारून घ्या. नाहीतर सोसायटी मारून घेईल."

"माह्या बैठकीत?"

"घराचे हप्ते फिटेपर्यंत बैठक सोसायटीची आहे." मधुकररावांनी पान उलटलं. "फक्त एक सवलत आहे. लग्नकार्यानिमित्त केलेली सजावट कार्य आटोपेपर्यंत ठेवता येते. बाहेर मी जे ऐकतोय तसं काही असेल तर मोकळेपणाने सांगा. लग्न असेल तर माझी हरकत नाही."

सगळे देवरावांकडे बघायला लागले. गणपतराव बघायला लागले, खिडकीतून इंदुताई बघायला लागल्या, ओसरीवर नावांसाठी उभा असलेला नत्थूजी मान आत घालून बघायला लागला. देवरावांनी हत्तींकडे पाहिलं. चुन्याखाली गेले की गेले. रंभाबाई त्या भिंतीकडे बघून एकदाच म्हणाल्या होत्या, "इथं मस्त बसतील दोन." तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या होत्या, कारण उभं राहवत नव्हतं.

"आहे," देवराव म्हणाले. "लग्न आहे."

"बाबा!" प्रेमलता ओरडली.

"माय वं," खिडकी म्हणाली.

"नत्थूजी, आत या. नावं लिहा."

नत्थूजी एवढ्या घाईने आत आला की त्याची एक चप्पल बाहेरच राहिली. त्याने कुंचला भिजवला. "बोला."

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी रंभा," देवराव म्हणाले.

नत्थूजीने मागे वळून पाहिलं, मग प्रेमलताकडे पाहिलं, आणि मग लिहायला लागला. त्याने ते नाव फार सावकाश लिहिलं.

"आन् इकडं?"

"चिरंजीव देवराव. सावनेर लिहा खाली."

मधुकररावांनी घसा साफ केला. "पण ढोबळे, हे लग्न तर..."

"झालं आहे. मले माहीत आहे. मी होतो तिथं." देवरावांचा आवाज आता परत आला होता. "तुमच्या पुस्तकात लग्न कोणाचं, कधीचं, असं लिहिलं आहे का?"

मधुकररावांनी पाहिलं. "तसा उल्लेख नाही. पण कार्य आटोपेपर्यंत, असं स्पष्ट आहे."

"नाही आटोपलं अजून," देवराव म्हणाले.

मधुकरराव बराच वेळ पुस्तकात बघत होते. पान एकच उघडं होतं. मग त्यांनी पुस्तक मिटलं. "कार्य कधी आटोपलं असं धरायचं, याचा उल्लेख नाही," ते म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

गणपतराव घड्याळ घेऊन तसेच उभे होते. शेवटी ते म्हणाले, "देवरावजी, मी खिळा पलीकडच्या भिंतीले ठोकतो. तिथं टीव्ही पाहता पाहताही दिसते घड्याळ." आणि गेले. इंदुताई केव्हाच गेल्या होत्या. रविवारचं पुरण मात्र त्यांनी पाठवलं, कशासाठी ते न सांगता.

राहिला डोळा. नत्थूजीला प्रेमलताने सगळी गोष्ट सांगितली. त्याने ती उकिडवा बसून ऐकली, दोनदा डोळे पुसले, आणि सांगितलं की तरीही त्याच्या हातून हे होणार नाही. "तुम्ही करा," तो म्हणाला. "पण माह्यासमोर नका करू." आणि करड्या रंगाची वाटी ठेवून तो ओसरीवर भिंतीकडे पाठ करून बसला. देवराव स्टुलावर चढले. प्रेमलताने स्टूल धरलं. पापण्यांसकट डोळा पुसायला दोन हात रंग लागला.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजी आले, त्यांनी मान वर करून शुभविवाह वाचलं, देवरावांकडे पाहिलं, आणि काही न विचारता आसन मांडलं. लोकांना मात्र बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. शुभविवाहाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. नावंही सगळ्यांनी वाचून न वाचल्यासारखी केली. पण जो तो पानावरून उठला की भिंतीजवळ जायचा आणि देवरावांना बाजूला घेऊन हळूच सांगायचा की चिताऱ्याने काम चुकवलं. अमरावतीचे आले ते सांगून गेले. वामनराव, डब्याचं विसरून, सांगून गेले. शेवटी इंदुताई हात धुऊन आल्या.

"भाऊजी, राग मानू नका, पण या हत्तीचा डोळा राहून गेला वाटते."

"राहून नाही गेला!" देवराव चिडून म्हणाले. "तो नवऱ्याकडचा आहे."